आक्काच्या विहिरीतली पांढरी माती

मी विहिरीत उतरलोच नव्हतो. ढिगाच्या कडेची ओलसर माती उचलून मी ती गुडघ्यांना आणि कोपरांना चोळली, थोडी धोतराला लावली, आणि दाजी शेतातून येईपर्यंत बांधावर बसून राहिलो. ते आल्यावर म्हणालो, "उतरून पाहिलं. खाली काही लागायचं नाही. काम थांबवा."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. त्यांनी माझ्या मातीनं भरलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि काही न विचारता मान हलवली.

आता मी पन्नाशीला आलो आहे. ती विहीर आज भरलेली आहे, आणि जुन्नरातले काही लोक तिचं श्रेय अजून मला देतात. ब्रह्मदेशात तेल शोधून आलेल्या माणसानं बोरी गावाला पाणी दाखवलं, असं ते सांगतात. ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. खरं काय घडलं ते एकदा लिहून टाकायचं असं मी ठरवलं आहे, आणि त्यात माझी बाजू सावरून घ्यायची नाही, असंही ठरवलं आहे.

आधी ब्रह्मदेशाचं सांगावं लागेल. मुलकी परीक्षा पास होऊन मी मोजणी खात्यात उमेदवारी करत होतो, तेव्हा दगडांचा अभ्यास करणारा एक गोरा साहेब जुन्नरचे डोंगर पाहायला आला होता. त्याच्या दगडांच्या पिशव्यांवर चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं. माझं अक्षर त्याला आवडलं असावं. दोन वर्षांनी त्याचं बोलावणं आलं आणि मी इरावतीकाठच्या तेलाच्या मुलखात गेलो. तिथं सात वर्षं राहिलो.

जमिनीखाली वाळूचे आणि चिकण मातीचे थर एकावर एक पसरलेले असतात. तेल वाळूच्या थरात मुरतं, आणि पाण्याहून हलकं असल्यामुळे वाट मिळेल तिकडं वर सरकत राहतं. हे थर कुठे उपड्या कढईसारखे फुगलेले असले, की त्या कढईच्या पोटात तेल साठतं आणि त्याच्याही वर वायू. असा फुगवटा जमिनीवर फिरूनही ओळखता येतो, म्हणून सगळे तिथंच खणायचे. माझ्या साहेबाला मात्र न दिसणाऱ्या जागा हव्या होत्या. तो नकाशे काढून मला समजावू लागला, पण माझ्या डोक्यात काही शिरेना. शेवटी मी त्याला माझ्या आईच्या गोधडीचं सांगितलं. गोधडीच्या दोन पदरांमध्ये चिंध्या घातलेल्या असतात. वरून सगळं सपाट दिसतं, पण आतली एखादी चिंधी मध्येच संपलेली असते, ती हात दाबून फिरवल्याशिवाय कळत नाही. तसाच वाळूचा एखादा थर मातीच्या दोन थरांत पातळ होत होत संपत असेल, आणि तेल त्याच्यातून चढत येऊन तो संपतो तिथं कोंडत असेल, असंच ना? साहेब खूश झाला. असंच, म्हणाला. वर टेकडी नाही, उंचवटा नाही, कसलीही खूण नाही. खूण फक्त विहिरीतून निघणाऱ्या मातीत. त्यातला वीतभर थर जरी नोंदायचा राहिला, तरी चिंधी कुठं संपली ते कधीच कळणार नाही.

ती नोंद ठेवायचं काम माझं. सात वर्षं मी दुसरं काही केलं नाही, एक दिवस सोडून.

त्या भागातले जुने लोक तेलाच्या विहिरी हातानं खणत. आत वायू इतका की माणसाला दोराला बांधून खाली सोडायचं आणि शंभर आकडे मोजायच्या आत वर ओढायचं, अशी पद्धत होती. त्या दिवशी मोजायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून मी उभा राहिलो. मोजता मोजता आधीच्या पाटीतल्या मातीचा रंग वहीत लिहायला थांबलो. किती आकडे चुकले ते मला आजही सांगता येणार नाही. माणूस वर आला तेव्हा जिवंत नव्हता. मला कुणी दोष दिला नाही, कारण तिथं तशी माणसं जातच असत. पण त्यानंतर कुठल्याही विहिरीच्या काठावर उभं राहिलो की माझे पाय आपोआप मागे वळत. वर्षभरात मी नोकरी सोडली आणि जुन्नरला येऊन शाळेत मास्तर झालो.

परत आल्यावर लोक मला विहिरीची जागा दाखवायला बोलावू लागले. तळहातावर नारळ धरून शेतं फिरणारे पानाडी आमच्याकडे पुष्कळ. मी त्यांना हसत असे. एका बाबतीत मात्र मी त्यांच्यासारखाच होतो. ते आपला मंत्र कुणाला सांगत नसत, आणि मी माझी खूण. खूण सगळ्यांना कळली तर मास्तरला कोण विचारणार?

बोरी बुद्रुकजवळ कुकडीच्या काठाची दरड उभी कापलेली आहे. आक्काकडे जाता-येता त्या दरडीत मला एक पांढरी रेघ दिसली होती. माती राखेसारखी मऊ, पण दातांखाली धरली की काचेसारखी करकरे. तिच्या खाली दीड-दोन हात चिवट पिवळी माती, आणि त्याखाली वाळू आणि नदीतले गोल गोटे. त्या गोट्यांतून भर उन्हाळ्यातही पाणी पाझरत होतं. नदी कोणे एके काळी तिथून वाहत असणार आणि तिचं ते जुनं पात्र मातीखाली गाडलं गेलं असणार. मी काठावरचे जुने खड्डे पाहिले, ओहोळ पाहिले. जिथं पांढरी रेघ होती तिथं तिच्याखाली गोटे होते. जिथं रेघ नव्हती तिथं पिवळी माती संपली की थेट काळा दगड. इरावतीकाठी सात वर्षं जी चिंधी शोधली, ती मला माझ्या बहिणीच्या बांधाखाली सापडली होती. तेलाऐवजी पाण्याची, एवढाच फरक.

आक्काची वस्ती उंचावर. नदी डोळ्यांना दिसे, पण हाताला लागत नसे. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत झिरा उकरायचा, वाटीवाटीनं घागर भरायची आणि दरड चढून यायचं, अशा तिच्या दिवसाला चार-पाच खेपा होत. दाजींनी त्या वर्षी ठरवलं होतं की विहिरीला पाणी लागलं तर वस्तीवर राहायचं, नाहीतर पावसाच्या आत वस्ती मोडून आंबेगावकडे निरगुडसरला आपल्या भावाच्या घरी जायचं. आक्का मला एकदाच म्हणाली होती, "दुसरीच्या चुलीम्होरं बसून म्हातारी व्हायचं न्हाई मला. तू शिकलेला हाईस. जागा नीट बघून दे."

जागा मी दिली. खणायला जुन्नरचे एक मुसलमान कारागीर होते. विहिरी खणण्यात त्यांची हयात गेलेली, सगळे त्यांना चाचा म्हणत, आणि ते मला मुन्शी. त्यांची माणसं चांगली होती. माती काढताना ती रोजचा ढीग वेगळा घालत, पहिली काळी माती सगळ्यात लांब, मग पिवळी, मग चुनखडीची. त्यामुळे नुसते ढीग पाहून विहीर वाचता येई. काम बंद असलं की चाचा विहिरीच्या तोंडावर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकून जात, म्हणजे माणूस-जनावर आत पडू नये.

त्या वर्षी पाडवा आणि मोहरम लागोपाठ आले. चाचा आणि त्यांची माणसं ताबुतांसाठी जुन्नरला आली. विहीर पाच परस खाली गेली होती. एका उभ्या माणसाच्या उंचीचा एक परस, म्हणजे पाच माणसं एकावर एक उभी राहतील एवढी. पाणी नव्हतं. येऊन बघून जा, असा दाजींचा निरोप आला. पाडव्यानंतर तीन-चार दिवसांनी मी गेलो. आक्का नदीवर होती, दाजी शेतात. मी एकटाच काठाशी गेलो. बाभळीच्या फांद्यांतून खाली पाहिलं. भिंतीत पाय ठेवायला खोबणी होत्या. मी मागे सरकलो.

मग मी ढीग पाहिले. काळी, पिवळी, चुनखडी, पुन्हा पिवळी. ढिगाढिगातून काठी घालून फिरलो. पांढरी माती कुठं नव्हती. म्हणजे मी दाखवलेली जागा चुकली होती, जुनं पात्र इथं नव्हतं, आता खाली काळा दगड. एवढं कळल्यावर खाली उतरायची गरजच काय, असं मी मनाला सांगितलं आणि गुडघ्यांना माती चोळली.

आक्का घागर घेऊन वर आली. दाजी तिला म्हणाले, "न्हाई म्हणतोय ह्यो."

आक्कानं घागर उतरवली. मला विचारलं, "तू सोता उतरून बघितलंस?"

"हो."

"मग तसंच आसंल," ती म्हणाली आणि घरात गेली. माझ्यासाठी तिनं पुरणाच्या दोन पोळ्या राखून ठेवल्या होत्या. त्या मी खाल्ल्या.

जवळजवळ चार आठवडे गेले. अक्षयतृतीयेच्या आदल्या दिवशी मी शाळेतून घरी आलो तेव्हा आमची मंडळी मोरीत बसून तांब्याची घागर घासत होती. तिच्याजवळ एका फुटक्या खापरात पांढरी माती होती. मी पाय धुवायला वाकलो आणि सहज चिमूट उचलली. बोटांत मऊ लागली. दातांखाली करकरली.

"ही कुठली माती?"

"कुठली म्हंजे? आक्कांनी न्हाई का धाडली पाडव्याला."

"आक्कानं?"

"आवं, त्यांच्या नव्या हिरीत निघाली न्हवं. लई झ्याक निघतंय पितळ हिच्यानं. सगळ्या बायांनी पाट्या भरभरून नेली म्हनं, चिमूटभर ठिवली न्हाई. आपल्या गुढीचा तांब्या बघितला न्हाई का, कसा आरशावानी झाल्ता? चाचा मोहरमाला आलं, त्यांच्या गाडीतनं गठुळं आलं." मग घासायची थांबून तिनं वर पाहिलं. "आन तुमी तर सोता उतरला व्हता न्हवं? तुमाला दिसली न्हाई व्हय?"

मी तिथंच मोरीच्या कट्ट्यावर बसलो. ज्या सकाळी मी बोरीला निघालो, त्या सकाळी ती माती माझ्या घरात होती. पाडव्याच्या दिवशी तिनं घासलेला तांब्या मी स्वतःच्या हातानं गुढीवर उपडा घातला होता. बायांची काय चूक? घासायला चांगली माती दिसली, सणाच्या तोंडावर त्यांनी ती नेली. त्या मातीचं काय महत्त्व आहे ते मी कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. आणि ढिगात नसलेला थर विहिरीच्या भिंतीत तर होताच. भिंतीतला थर कुणी घासायला नेत नाही. मी खाली उतरलो असतो तर पुरे होतं.

"आवं, काय झालं?" मंडळी म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं. गुडघ्यांचंही सांगितलं. तिनं घागर बाजूला सारली. मग तिनं खापरातली उरलेली माती एका फडक्यात बांधून माझ्या हातात दिली. "जावा," एवढंच म्हणाली.

मी तसाच चाचांच्या मोहल्ल्यात गेलो. चाचा दारात दोर वळत बसले होते. मी म्हणालो, "चाचा, मी बोरीच्या विहिरीत उतरलो नव्हतो."

"ठावं हाय, मुन्शी." त्यांनी हातातला पीळ सोडला नाही. "काम बंद झालं म्हणून हत्यारं आणाया गेलो व्हतो. काटं जसंच्या तसं. कोळ्यानं जाळं बी विणल्यालं त्याच्यावर."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुमी बर्मा बघून आल्यालं. मला वाटलं, तिकडं वरूनच बघाया शिकवत असतील."

मी फडकं सोडून त्यांना माती दाखवली आणि तिच्याखाली काय असतं ते सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगत होतो. चाचांनी माती नखावर घेतली आणि कपाळावर हात मारला. "या अल्ला! आन म्या हसत हसत बायांना पाट्या भरून दिल्या. आधी सांगाया काय झालं व्हतं, राव?"

"माझंच चुकलं."

"ते झालंच." ते उठले. "उद्या तांबडं फुटताना बैल जुपतो. पन ह्या बारीला खाली तुमी, वर मी."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही वस्तीवर पोचलो तेव्हा दाजी विहिरीत माती लोटत होते. फसलेली विहीर आ वासलेली ठेवून घर सोडू नये, पावसाआधी ती बुजवावी, अशी आमच्याकडे रीत आहे. लांबचे दोन ढीग सपाट झालेले दिसले. आक्का ओसरीवर बसली होती. तिचा उजवा हात मनगटापासून बांबूच्या कांबटांत बांधून गळ्यात अडकवलेला होता.

"हे काय?"

"घागर घिऊन दरडीवरनं पडली," दाजी म्हणाले. "आठ दीस झालं. हाडवैद्यानं बांधलाय. या पावणं, बसा."

मी बसलो नाही. बसलो असतो तर बोलणं झालं नसतं. उभ्यानंच सांगितलं की मी उतरलो नव्हतो, गुडघ्यांची माती ढिगावरची होती, आणि मी ज्या खुणेसाठी ढीग चाळत होतो ती खूण सगळ्या बायांच्या घरी घासणीत पडली होती. दाजींच्या हातातलं फावडं खाली पडलं. ते माझ्या अंगावर येतील असं मला वाटलं, आणि आले असते तर मी हात वर केला नसता. पण ते पाठ करून उभे राहिले.

आक्का म्हणाली, "मी तुला इचारलं व्हतं. सोता उतरलास का म्हनून."

"मी खोटं बोललो, आक्का."

ती आपल्या बांधलेल्या हाताकडे पाहत राहिली. "तवा थांबलो नसतो तर पानी लागलं असतं. मी दरडीवर गेले नसते."

"हो."

तिनं मला त्यातून सोडवलं नाही. ते बरंच झालं.

शेवटी दाजी वळले. "आन आता तरी खाली पानी हाय, हे कशावरनं?"

मी फडकं उलगडून माती त्यांच्या पुढ्यात ठेवली. अंगणात काडीनं रेघा ओढल्या. ही काळी, ही पिवळी, ही चुनखडी, ही पांढरी, तिच्याखाली चिवट, आणि इथं नदीचं जुनं पात्र. लपवायचं आता काही उरलं नव्हतं. "पांढरी निघाली त्याअर्थी पात्र खाली आहे. तुम्ही बहुतेक हात-दीड हातावर थांबलात. मी थांबवलं."

"बहुतेक?"

"बहुतेक. पण टाकलेली माती मी काढणार आणि पुढंही मीच खणणार. रोहिणी नक्षत्र लागेपर्यंत मला मुदत द्या. नाही लागलं तर तुमचं सामान मी माझ्या डोक्यावर निरगुडसरला नेतो."

दाजी चाचांकडे पाहून म्हणाले, "ह्यो मास्तर. ह्याला फावडं तरी धरता येतंय का?"

"येतंय का न्हाई ते दोन दिसांत त्याच्या हातांना कळंल," चाचा म्हणाले.

मी शाळेला रजेचा अर्ज धाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांनी माझ्या कमरेला दोर बांधला, आणि मग एक पेटलेला दिवा दोरीला लावून विहिरीत सोडायला लागले. ते पाहताच मी ओरडलो. त्यांचा हातच धरला. ब्रह्मदेशात विहिरीच्या आसपास काडी ओढली तरी माणसाला हाकलून देत.

चाचांना आधी कळेना. मग ते इतके हसले की दिवा हिंदकळला. "आरं मुन्शी, हितं तेल न्हाई, पानी काढाया आलोय आपन! खालची हवा बघाया दिवा सोडतोय. दिवा इझला तर हवा खराब. दिवा जळतोय, मंजी तुमी बी जगताय. निघा."

दाजीही त्या वेळी पहिल्यांदा हसले. मी खोबणीत पाय घातला.

उतरताना मी आकडे मोजत होतो. तिसऱ्या परसाला मी खोबणीला धरून थांबलो, तेव्हा चाचांनी वरून दोर ताठ केला आणि तसाच धरून ठेवला. चौऱ्याऐंशीला माझे पाय मातीला लागले. पुढचे आकडेही मी मोजले, शंभर पुरे होईपर्यंत. मग फावडं उचललं.

लोटलेली माती कमरेएवढी होती. ती पाटीपाटीनं वर धाडायला मला चार दिवस लागले. चाचांची माणसं आली होती, पण चाचांनी त्यांना खाली उतरू दिलं नाही. "ह्येचं ह्येला काढू द्या," म्हणाले. दुसऱ्या दिवशी माझे तळहात फुटले. आक्कानं डाव्या हातानं हळद-तेल आणून दिलं. लावून मात्र दिलं नाही.

पाचव्या दिवशी भिंतीशी माती खरवडताना फावड्याला काही मऊ लागलं. मी हातानं पुसलं. एक पांढरी रेघ दिसली, वीतभर जाडीची. पुसत पुसत मी सगळ्या विहिरीभर फिरलो. कमरपट्ट्यासारखी ती चारी बाजूंनी गेली होती, तळापासून जेमतेम गुडघाभर उंचीवर. त्या दिवशी मी खाली उतरून एकदा नुसती नजर फिरवली असती तर ती दिसली असती. मी तिच्यावर हात ठेवून उभा राहिलो.

"काय हाय?" वरून दाजींचा आवाज आला.

"रेघ."

"मग लागा कामाला."

तिच्याखालची माती फार चिवट निघाली. पहार मारली की अडकून बसे. आता दाजी आणि चाचांची माणसंही उतरू लागली, पण माझी पाळी मी कुणाला दिली नाही. तीन दिवसांत आम्ही हातभर गेलो. दीड हात झाला. पाणी नाही. संध्याकाळी दाजी ओसरीवरची भांडी एका पोत्यात भरताना मला दिसले. दोन हात झाले. तरी पाणी नाही. त्या रात्री मला झोप आली नाही, पण मनात शंकाही आली नाही. या वेळी प्रत्येक पाटीची माती मी चोळून पाहिली होती.

दहाव्या दिवशी, ऊन कलल्यावर, पहारीचा आवाज बदलला. चिवट मातीत ती मुकी जात होती, आता खणकन वाजली. मी वाकून हात घातला तर गोल, गार, गुळगुळीत गोटा. तो उपसला आणि त्याच्या खळग्यातून पाणी वर आलं. हळूहळू झिरपत नव्हतं, खालून कुणी ढकलल्यासारखं येत होतं.

"मुन्शी, काय झालं?" चाचांनी विचारलं.

मी तो ओला गोटा पाटीत ठेवला आणि दोर हलवला. पाटी वर गेली. वर कुणी तरी तो हातात घेतला असावा. मग आक्काचा आवाज आला, "वल्लं हाय. आवं, वल्लं हाय!"

मी पहार मारतच राहिलो. पाणी घोट्यापर्यंत आलं, मग पोटऱ्यांपर्यंत. ते पांढऱ्या रेघेला टेकलं तेव्हा चाचा वरून म्हणाले, "आता या वर, का पवत बसायचा इचार हाय?"

दाजींनी पोत्यातली भांडी बाहेर काढली. वस्ती मोडली नाही.

आक्काचा हात मात्र वाकडाच बसला. रहाटाचा दोर ओढताना ती तो एका बाजूला धरते, आणि घागर कमरेवर घेताना दर वेळी आधी डाव्या हाताचा आधार लावते. विहीर तिच्या दारात आहे आणि मी तिथं गेलो की हे पाहतो. पाहायचं टाळत नाही.

पाणी लागल्यावर आठवड्यानं ती मला उरलेल्या ढिगांपाशी घेऊन गेली. "आता बस हितं," म्हणाली, "आन कंच्या मातीत काय बघायचं ते समदं मला सांग. काय बी मागं ठिवू नको." मी सांगितलं. काळी कशी, पिवळी कशी, कुठली दातांखाली धरायची, कुठली नुसती दाबायची. तिनं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा मलाच म्हणून दाखवलं. अक्षर तिला येत नाही, पण ती एकही थर विसरत नाही.

आता बोरीच्या आसपास कुणी विहीर खणायला काढली की लोक मला बोलावत नाहीत, आक्काला बोलावतात. ती काठावर सावलीला बसते आणि प्रत्येक पाटीतली मूठभर माती फुटक्या खापरांत ओळीनं मांडून ठेवते. बायांना बजावते, "न्या, घासाया न्या, पन माझी मूठ मला ठिवा आदी." खाली उतरून भिंत बघायला मात्र तिला माणूस लागतं, तेव्हा ती जुन्नरला निरोप धाडते आणि मी जातो. उतरताना मी अजूनही शंभर आकडे मोजतो. इरावतीकाठच्या त्या माणसाचं मला काही फेडता यायचं नाही, पण मोजताना आता मध्ये थांबत नाही.

मी खालून थर ओरडून सांगतो. आक्का वर खापरातली माती वाकड्या मनगटानं चोळून बघते. दोन्हींचा मेळ बसला नाही की तिचा आवाज येतो, "आरं, पुन्यांदा बघ!"

मी पुन्हा बघतो.